मडगार्डातली चार बोटं

स्विफ्ट सपाट जागी उभी करून पुढच्या चाकावर हात ठेवला, तर टायर आणि मडगार्डाची कड यांच्यामध्ये चार बोटं आरामात आडवी मावतात. बहुतेकांना ही पोकळी दिसतच नाही. ज्यांना एकदा दिसली त्यांना मग दुसरं काही दिसत नाही. खाली ज्यांचं बोलणं दिलं आहे त्यातला भाचा या दुसऱ्या जातीचा. पुण्यात नोकरी, सेकंडहँड घेतलेली २०१९ ची व्हीएक्सआय स्विफ्ट, आणि गाडीसाठी बाजूला काढलेले साठ हजार रुपये. मामांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर टायर आणि अलाइनमेंटचं दुकान चालवलं. आता दुकान मुलाकडे आहे, तरी सकाळी जाऊन बसतातच. मी दोघांच्या मध्ये होतो. माझी स्वतःची गाडी कंपनीनं दिली तशीच आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा कल कुठे आहे ते शोधायची वाचकाची मेहनत वाचेल.

भाचा : मामा, चारी चाकांना सोळा इंची अलॉय आणि गाडी दीड-दोन इंच खाली. बास, एवढंच. साठ हजारांत बसवायचंय.

मामा : कशाला पण?

भाचा : दिसते कशी बघा की. टायर बारीक आणि वर एवढी बखळ. लुगडं वर धरून चिखलातनं चालल्यासारखी वाटते.

मामा : मग, चिखल आहेच की रस्त्यावर.

भाचा : जपानात नाही ना! तिथं हीच स्विफ्ट १२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सवर विकतात. आपल्याकडे १६३. म्हणजे ज्यांनी ही गाडी काढली त्यांच्या कागदावर ती खालीच होती. आपल्यासाठी उचलली. मी काही जगावेगळं मागत नाही, तिची मूळची उंची मागतोय.

मुद्दा बिनतोड होता. गाडी खाली घेणं म्हणजे पोरकट शोभेचा प्रकार, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही. मामाही लगेच बोलले नाहीत.

मामा : मान्य. पण तिकडे नुसती स्प्रिंग खाली नाही आली. त्या स्प्रिंगच्या मापाचा शॉकअप दिला, त्या शॉकअपच्या मापाचं बंप रबर दिलं. तू तिघांतलं एक बदलणार आणि दोन तशीच ठेवणार. ते आपण मागनं बघू. आधी चाकाचं बोल. सोळा इंची कशाला?

भाचा : गॅप भरायला.

मामा : नाही भरत.

भाचा : मोठं चाक घातल्यावर?

मामा : तू इंजिनिअर ना? कर हिशोब. तुझा आत्ताचा टायर १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५, आणि बाजूची भिंत तिच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. चौदा इंच म्हणजे ३५५.६. त्यात दोन्हीकडची भिंत मिळव.

भाचा : ६१९.६.

मामा : आता बलेनोला येतं ते माप घे, १९५/५५ आर १६.

भाचा : भिंत १०७... सोळा इंच ४०६.४... ६२०.९. (थांबून) म्हणजे सव्वा मिलिमीटर?

मामा : तेही व्यासात. मडगार्डाकडे त्याच्या निम्मं. डिस्क मोठी झाली, रबर कमी झालं, चाक होतं तेवढंच. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो, तो धर. ६२१.५ भरतो. कंपनीनं तिन्ही मापं मुद्दाम एकाच उंचीची ठेवलीत, कारण स्पीडोमीटर, गिअर, एबीएस सगळं त्या घेरावर बांधलेलं असतं. घेर तीन टक्क्यांपेक्षा जास्त हलवायचा नाही हा आमच्या धंद्यातला जुना नियम.

भाचा : मग मुद्दाम बारीक टायर घातला तर? १९५/५० आर १५. गाडी आपोआप खाली येईल. स्प्रिंगला हात लावायला नको.

मामा : येईल की. व्यास ५७६. गाडी बावीस मिलिमीटर खाली. काटा १०० दाखवेल तेव्हा तू ९३ नं जात असशील. आणि गॅप?

भाचा : (हसून) वाढेल.

मामा : चार बोटांची पाच होतील. चाक बारीक केलं तर गाडी चाकाबरोबर खाली येते, मडगार्ड चाकाजवळ येत नाही. हे कळायच्या आधी लोकांनी आमच्याकडे टायर घेऊन झालेले असायचे.

इथून पुढचा अर्धा तास चाकांवर गेला, आणि खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात कामाचा होता. गाडी खाली घ्यावी की नाही हा शेवटी आवडीनिवडीचा प्रश्न आहे. चाक बसतं की नाही हा नाही. भाच्यानं फोनवर एक सेट दाखवला. काळा, पातळ दांड्यांचा, सोळा इंची, चारांचे मिळून बावीस हजार, ‘सगळ्या हॅचबॅकला बसतात’.

मामा : सगळ्यांना बसणारं चाक कुणालाच नीट बसत नाही. पीसीडी विचारलास?

भाचा : चार बाय शंभर. स्विफ्टचा तोच आहे. चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर.

मामा : फियाट पुंटोचा ९८. दोन मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसत नाही. पाना मारून बसवतात लोक. नट तिरका बसतो, चाक मध्यावर येत नाही, आणि चार दिवसांनी नट सैल. पीसीडी जुळला म्हणतोस, ठीक. मधलं भोक केवढं आहे?

भाचा : सेंटर बोअर ना? ७३.१ लिहिलंय.

मामा : तुझा हब ५४.१ चा. मूळ चाक हबवर घट्ट बसतं, तिथंच त्याचं केंद्र ठरतं. बाहेरची चाकं बनवणारे भोक मोठं ठेवतात म्हणजे एकच चाक दहा गाड्यांना विकता येतं. मधली एकोणीस मिलिमीटर भरायला हब रिंग लागते. ती नाही घातली तर ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस येऊन आम्हाला म्हणतो, तुमचं बॅलन्सिंग चुकलं. दोनशे-चारशे रुपयांची वस्तू, पण चाक विकणारा आपण होऊन कधी देत नाही.

भाचा : घेतो रिंगा. पुढे?

मामा : ऑफसेट.

भाचा : ३५ आहे. रुंदी सात इंच. थोडं बाहेर येईल, ते मला हवंच आहे.

मामा : थोडं म्हणजे किती? समज, जुनं चाक साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५. ऑफसेट म्हणजे चाकाच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा भाग किती बाहेरच्या अंगाला आहे ते. आकडा लहान झाला की चाक बाहेर जातं. तुझ्या सेटमध्ये दहा मिलिमीटर ऑफसेटनं बाहेर, आणि दीड इंच जादा रुंदीतली अर्धी, म्हणजे एकोणीस, तीही बाहेर. एकोणतीस मिलिमीटर, एका बाजूला! पावसात सगळा चिखल दारावर. बेअरिंगवर भार वेगळ्या जागी. खड्ड्यात गेलास की स्टिअरिंगला हिसका. आणि त्यात तू गाडी खाली घेणार, म्हणजे मडगार्डाची कड टायर कापणार.

भाचा : कड आतनं वळवून देतात ना. रोलिंग म्हणतात त्याला.

मामा : देतात. वळवताना रंग फुटतो. कोकणात एक पावसाळा काढ, गंज कुठून सुरू होतो ते दाखवतो.

भाच्याच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्याला हे सगळं अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पीसीडी, ऑफसेट, हे शब्द त्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगले येतात. त्याची अडचण अशी की त्याची माहिती चाक विकणाऱ्यांकडून आलेली आणि मामांची चाक परत घेऊन येणाऱ्यांकडून.

भाचा : अलॉय हलका असतो, हे तरी मान्य? चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. तिथं एक किलो वाचला तर गाडी खड्ड्यावर कमी उसळते. हे पुस्तकातलं आहे.

मामा : पुस्तकातलं बरोबर आहे. तुझ्या फोनमधलं चाक पुस्तकातलं नाही. स्वस्त ओतीव चाक मजबूत करायचं तर धातू जास्त घालावा लागतो. कित्येकदा ते पत्र्याच्या डिस्कपेक्षा जड भरतं. काटा आहे दुकानात, ठेवून बघ. आणि हलकं करायला गेले की तुटतं. पत्र्याची डिस्क खड्ड्यात वाकते, ठोकून सरळ होते. अलॉयला चीर जाते. सोळा इंचीला भिंत १०७ मिलिमीटर. तुझ्या आत्ताच्या टायरपेक्षा पंचवीस मिलिमीटर रबर कमी, म्हणजे खड्डा डिस्कपर्यंत पंचवीस मिलिमीटर लवकर पोचला.

भाचा : मग चांगलं चाक ओळखायचं कसं?

मामा : मागच्या बाजूला बघायचं. पुढून सगळीच छान दिसतात. भार किती झेलतं ते किलोत ओतलेलं असतं. जपानी मानकाचं असेल तर जेडब्ल्यूएल, व्हीआयए असे ठसे असतात. आपल्याकडच्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ आहे, आयएसआयचा ठसा बघायचा. ठसा खोटाही मारतात, पण ज्यावर काहीच नाही ते चाक हातात धरायचं नाही. तुझ्या दुकानदाराला म्हण, मागच्या बाजूचा फोटो पाठव.

(भाच्यानं खरंच मागितला. संध्याकाळपर्यंत आला नव्हता.)

मामा : आता माझं ऐक. तुझ्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे पंधरा इंची अलॉय घे. कंपनीचे. जुने.

भाचा : जुने?

मामा : नवी गाडी घेतल्या घेतल्या लोक कंपनीचे अलॉय काढून मोठे टाकतात, तुझ्यासारखेच. काढलेले विकतात. पीसीडी, बोअर, ऑफसेट, नट, काही बघायला नको. हब रिंग नको. मडगार्ड वळवायला नको. टायरचं माप कंपनीनं स्वतः याच गाडीला दिलेलं. पुण्यात नाना पेठेत फिर, मुंबईत गेलास तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचार. माझ्या अंदाजानं पंधरा-अठरा हजारांत चार मिळतील.

भाचा : आणि कुणीतरी खड्ड्यात आपटलेले मिळाले तर?

मामा : हां, आता बरोबर प्रश्न विचारलास.

मग मामांनी जे सांगितलं ते जुनं चाक घेणाऱ्या कुणालाही उपयोगी आहे. टायर उतरवल्याशिवाय चाक घ्यायचं नाही. बॅलन्सिंगच्या मशीनवर नुसती डिस्क फिरवून कड बाहेरून आणि आतून डोलते का बघायचं. आतली कड आधी वाकते आणि ती कुणी बघत नाही. आतल्या बाजूला वेल्डिंगचा फुगवटा हाताला लागला तर चाक तिथंच ठेवून यायचं. दांडा जिथं कडेला मिळतो ती जागा आणि नटाच्या भोकांभोवतीची जागा यांवर केरोसीन लावायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं केरोसीन पुडीतून ओली रेघ होऊन वर येतं. ताजा रंग मारलेलं चाक स्वस्त मिळालं तर जास्त संशय घ्यायचा. टायरसकट मिळत असेल तर टायरवरचे चार आकडे वाचायचे: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. इतका जुना टायर खाच कितीही खोल दिसली तरी किमतीत धरायचा नाही.

टायरवर आले तेव्हा मामांचा आवाज थोडा चढला. साठ हजारांतले सगळ्यात जास्त पैसे टायरला जावेत, हे त्यांचं म्हणणं. रस्त्याला लागतं ते रबर, अलॉय नाही. भाच्यानं शोधलेला स्वस्त टायर मापानं बरोबर होता, पण त्याचा भारांक ८२ होता, म्हणजे एका टायरला ४७५ किलो. त्या मापाच्या कंपनीच्या टायरवर ८८ असतो, म्हणजे ५६० किलो. चार माणसं, डिकीत सामान आणि खंबाटकीचा उतार धरला तर हा फरक कागदावरचा राहत नाही. खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानंही बाद, हे मामांनी जाता जाता सांगितलं.

इथपर्यंत भाचा बऱ्यापैकी वळला होता. पंधरा इंची जुने अलॉय आणि नवे टायर. पण चार बोटं तशीच होती, आणि त्यावर तो हटायला तयार नव्हता.

भाचा : ठीक आहे. चाकं तुमच्या मनासारखी. आता खाली घ्यायचं बोला. एक जण तीन हजारांत स्प्रिंग कापून देतो म्हणालाय. दीड वेटोळं.

मामा : कटरनं की गॅसनं?

भाचा : त्यानं काय फरक?

मामा : गॅसनं लाल केलीस की स्प्रिंग मेली. ते पोलाद तापवून, विझवून, परत ठरावीक उष्णतेला आणून तयार केलेलं असतं. ती लवचीकता लाल रंगात जाते. काही लोक तर कापतही नाहीत, गाडीवरच स्प्रिंग तापवतात आणि बसू देतात. मोजमाप नाही, काही नाही. दोन्ही बाजू सारख्या बसल्या तर नशीब.

भाचा : आणि थंड कटरनं?

मामा : मग धातू वाचला. पण सहा वेटोळी काम करत असतील आणि एक काढलंस, तर उरलेली पाच वीस टक्के कडक. जुना शॉकअप ती कडक स्प्रिंग आवरू शकत नाही, गाडी उड्या मारते. वरून शॉकअपचा दांडा चाळीस मिलिमीटर आधीच आत गेलेला. बाकीचं अंतर संपलं की बंप रबर. खड्डा आला की स्प्रिंगवर नाही, रबरावर. आणि मागं बघ. स्विफ्टला मागं स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. कापलेली स्प्रिंग चाक लोंबलं की सैल होते. जॅक लावलास तर हातात येईल. वळणावर आतलं चाक हलकं झालं तर कुठं जाईल?

भाचा : म्हणून कापायची नाही, बरोबर. पण खाली घेण्यासाठीच बनवलेल्या स्प्रिंगा मिळतात. लांबी कमी, ताठपणा मोजून ठेवलेला, लोंबल्यावर सैल न होणाऱ्या. तीस मिलिमीटरच्या. त्याला तुमची हरकत काय?

मामा : किंमत. चांगल्या सेटला पंचवीस-तीस हजारांच्या पुढं. आणि कॉइलओव्हर म्हणशील तर साठ हजार तिथंच संपले, अलॉय राहिले दुकानात.

भाचा : म्हणजे हरकत पैशाची आहे. तत्त्वाची नाही.

मामा : (थोडं थांबून) तीस मिलिमीटरपर्यंत नाही. त्याच्या खाली आहे. खड्ड्यात उतरून तुझ्या गाडीखाली बघ. हबला धरणारा लोअर आर्म बाहेरच्या टोकाला खाली उतरलेला दिसेल. गाडी खाली घेतली की तो आडवा होत जातो. आडवा झाला तिथं थांबायचं. बाहेरचं टोक वर गेलं की गाडी वळणावर कमी झुकायच्या ऐवजी जास्त झुकायला बघते. वजनाचा मध्य जितका खाली जातो त्यापेक्षा गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू जास्त खाली जातो. मग त्यावर उपाय म्हणून स्प्रिंग आणखी कडक, आणि मणक्याचं दुखणं वेगळं.

हे मला नवं होतं. खाली घेतलेली गाडी वळणावर चिकटून चालते, हे सगळेच म्हणतात. एका उंचीनंतर तेच उलटं होतं हे फार कमी लोक म्हणतात, कारण गाडी त्या उंचीला जास्तच छान दिसते.

भाचा : तीस मिलिमीटर तर तीस. १६३ चे १३३. आता तुम्ही म्हणाल, स्पीडब्रेकर. तो हिशोब मी करून आलोय. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, आयआरसी ९९. गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी त्या उंचवट्यावर असतात. चाकांच्या मध्ये उंचवटा पोटाच्या दिशेनं वर येतो तो फक्त ४४ मिलिमीटर. माझ्याकडे १३३. चार माणसं बसून गाडी पाच सेंटिमीटर बसली तरी घासत नाही!

मामा : शाब्बास. आता मला असा एक गतिरोधक दाखव.

भाचा : ...

मामा : आमच्या गल्लीतला उद्या मोजून बघ. रुंदी दोन फूट, उंची एक वीत. तो अख्खाच्या अख्खा दोन चाकांच्या मध्ये येतो, म्हणजे उंचीतला एक मिलिमीटरही माफ नाही. आणि पहिला घासतो तो चेंबर. चेंबर फुटून ऑइल रस्त्यावर गेलं आणि माणूस लाल दिवा न बघता तसाच पुढं गेला, तर इंजिन उघडावं लागतं.

भाचा : तिरकी घालायची गाडी. एकेक चाक.

मामा : बायको, पोरं, म्हातारी आई घेऊन दर गतिरोधकाला तिरकी?

भाचा : लग्न व्हायचंय माझं, मामा.

मामा हसले. मला वाटतं, इथं भाचा हिशोबात जिंकला आणि रस्त्यावर हरला. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर तीस मिलिमीटर खाली घेतलेली स्विफ्ट आरामात जाते, हे खरंच आहे. मात्र हप्ता भरणाऱ्याला गल्लीतला गतिरोधक धरूनच गाडी ठरवावी लागते.

कायद्याचा विषय निघणारच होता. दोघांनाही तो अर्धा-अर्धा ठाऊक होता.

मामा : सुप्रीम कोर्टानं बंदी घातलीय ना बदल करायला?

भाचा : जानेवारी २०१९ चा निकाल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती उत्पादकानं मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही. पण आरसी बुकात ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतोच! व्हीलबेस असतो, वजन असतं, रंग असतो.

मामा : पोलिसाला सांगशील हे, रात्री अकराला?

भाचा : त्याला सांगीन.

मामा : आणि विमा कंपनीला?

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं खरी मेख तिथंच आहे. कायद्यात २०१९ सालीच झालेल्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाबद्दल गाडीमालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी दंड परवडेल एखाद्याला. मोठा अपघात झाल्यावर सर्व्हेअर गाडीखाली वाकतो, कापलेली स्प्रिंग आणि मडगार्डाबाहेर आलेलं चाक बघतो आणि ‘न कळवलेला बदल’ असं लिहितो, ते परवडत नाही. कंपनीच्याच मापाचं चाक आणि कंपनीच्याच मापाचा टायर असेल तर त्याला लिहायला फारसं काही उरत नाही. मामांच्या पंधरा इंची जुन्या अलॉयचा मला सगळ्यात पटलेला फायदा हाच, आणि तो मामांनी स्वतः सांगितला नाही.

शेवटी कागद आला. मामांनी लिहिलेला हिशोब असा: कंपनीचे जुने अलॉय अठरा हजारांपर्यंत, चार नवे टायर बावीस ते चोवीस हजार, पुढचे शॉकअप, त्यांची माउंटिंग आणि जंपिंग रॉडच्या लिंका मिळून दहा-बारा हजार, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग दीड हजार. जुनी चौदा इंची चाकं विकून चार पैसे परत येतील. त्यातली एक स्टेपनी म्हणून ठेवायची, घेर जवळजवळ सारखाच असल्यामुळे चालते.

भाचा : शॉकअप कशाला? मी मागितलेच नव्हते.

मामा : गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली. मघाशी बोनेट दाबून सोडलं तर दोनदा डोलली. आधी हे कर. मग सहा महिने चालव. गाडी घट्ट झाली, टायर रुंद झाला, अलॉय दिसायला लागले, की चार बोटं किती टोचतात ते बघ.

भाचा : टोचणार, मामा.

मामा : मग तीस मिलिमीटरच्या स्प्रिंगा घे, कंपनीच्या डब्यातल्या. मीच बसवीन. त्याच दिवशी अलाइनमेंट, नाहीतर आतल्या अंगानं टायर खाईल. मागच्या बीमला कॅम्बर फिरवायची सोय नसते, म्हणून मागं आणखी कमी. हेडलाइटचा झोत परत लावून घ्यायचा. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनं नट परत तपासायचे.

भाच्यानं कागद घडी करून खिशात घातला. स्प्रिंगा घेणार नाही असं त्यानं काही कबूल केलेलं नाही, आणि माझ्या मते करायचं कारणही नाही. तीस मिलिमीटर, बनवलेली स्प्रिंग, बरोबरीचा शॉकअप, विमा कंपनीला लेखी कळवलेलं, एवढं करून कुणी गाडी खाली घेत असेल तर त्याला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण साठ हजारांत चाकं, टायर आणि खाली घेणं ही तिन्ही कामं नीट होत नाहीत. कुणी होतात म्हणालं, तर तो स्प्रिंग कापणार आहे. त्याला गाडी देऊ नका.